कायोटीच्या शिकारीला कॉल कोणता घ्यावा: तोंडाचा की बॅटरीचा?

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी, आणि कॉल म्हणजे सशाची किंकाळी वगैरे आवाज काढून त्याला जवळ ओढणारं साधन. दुकानदार महागडा ई-कॉलर (रिमोटवर चालणारा बॅटरीचा स्पीकर) पुढे सरकवतो. जुने शिकारी म्हणतात, तोंडाने फुंकल्याशिवाय ती शिकारच नव्हे. दोघांचंही ऐकू नका. आवाज किती हुबेहूब आहे हा मुद्दाच नाही. कायोटी आवाज निघाला त्या ठिकाणाकडे टक लावून येतो. त्या ठिकाणी तुम्ही बसलेले असावेत की नसावेत, एवढंच ठरवायचं आहे.

१. कायदा. अमेरिकेत टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही, म्हणजे शिकार वर्षभर चालते, आणि खाजगी जमिनीवर ई-कॉलर चालतो. इतर राज्यांत नियम बदलतात, तिथल्या वन्यजीव खात्याचं चालू वर्षाचं पत्रक वाचा. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर राज्याचा चालू शिकार परवाना काढल्याशिवाय बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगू नका. हा फेडरल कायदा आहे, ‘बंदूक मित्राची होती’ ही सबब चालत नाही. आणि गावाकडे कोल्ह्यांवर हे प्रयोग अजिबात नकोत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

२. रान. मेस्किटची (तिथलं काटेरी झाड) दाट झुडपं असतील आणि पन्नास यार्डांपलीकडचं दिसत नसेल, तर तोंडाचा कॉल आणि शॉटगन. मोकळं कुरण असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर ई-कॉलर. तिथे हात हलला की लांबूनच दिसतो.

३. ई-कॉलर मांडणं. पायाशी ठेवायचा असेल तर पैसे वाया घालवू नका. कायोटी आवाजाच्या खालच्या वाऱ्याला, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, वळसा घालून वास घेतो. वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर स्पीकर डावीकडे, चाळीस-पन्नास यार्डांवर ठेवा. तुमचा वास लागायच्या आत तो तुमच्या समोरून जाईल. आवाज आधी बारीक, मग वाढवा. जागा पाऊण तास धरून बसायची गरज नाही, पंधरा-वीस मिनिटं पुरे.

४. तोंडाचा कॉल. थरथरून आवाज काढणारी पातळ पत्ती (रीड) नळीत बंद की बाहेर उघडी, यावरून यात दोन जाती. बंद पत्तीचा कॉल पिपाणीसारखा फुंकला की वाजतो, पण सूर जवळपास एकच, आणि कडाक्याच्या थंडीत आतली थुंकी गोठली की मुका. घ्यायचा तो उघड्या पत्तीचा, वीस-पंचवीस डॉलरमध्ये येतो. बहुतेक लोक वैतागून ई-कॉलरकडे पळतात ते याच्यापायीच.

‘जोरात फुंका’ सांगणाऱ्यांनी नवख्यांची वाट लावली आहे. गाल फुगले की समजा चुकलं. हवा पोटातून यायला हवी. पत्ती वरच्या बाजूला ठेवा आणि वरच्या दातांनी हलकेच दाबा. अगदी टोकाशी दाबलीत तर उंदराची चीं-चीं निघते. कॉल जरा आत घेतला, दात पत्तीवर मागे सरकले, की सशाची किंकाळी. आणखी आत घेतला की कायोटीची हूक, म्हणजे लांब सुरातलं ओरडणं. फरक मिलिमीटरांचा असतो, म्हणून आधी एकच जागा पक्की करा, सशाची. दाब जास्त झाला तर पत्ती खालच्या पट्टीला चिकटते आणि आवाजच बंद पडतो. नुसती फुसफुस येत असेल तर दाब कमी पडतोय. मग ‘वाऽऽ’ म्हटल्यासारखी हवा सोडा आणि शेवटाला सूर पडू द्या. पुढे ओंजळ धरून उघडझाप केली की किंकाळीत जीव येतो.

एका दमाच्या लांबलचक किंकाळ्या मारू नका. मरणारा ससा मध्येच थांबतो, धापा टाकतो. सराव गाडीत, काचा वर करून. घरच्यांचा अंत पाहू नका. थुंकी अडकली तर कॉल झटका, नाहीतर पत्तीखालून डेंटल फ्लॉस फिरवा. चाकूचं टोक घालणाऱ्याला मी माझा कॉल देत नाही. पत्तीला ओरखडा पडला की सूर गेलाच.

५. हंगाम. जानेवारी-फेब्रुवारीत माजाचा काळ, हूक चालते. उन्हाळ्याच्या तोंडाला कायोटीच्या पिल्लाचं विव्हळणं. बाकी वर्षभर ससा.

ई-कॉलर घेतलात तरी उघड्या पत्तीचा कॉल गळ्यात असू द्या. पळता कायोटी थांबवायला एक आखूड भुंकणं लागतं, आणि ते रिमोटच्या यादीत शोधेपर्यंत तो झुडपात गेलेला असतो. गोळी चुकली तरी लगेच उठू नका. पिल्लाचं विव्हळणं लावा आणि आणखी काही मिनिटं बंदूक खांद्यालाच राहू द्या. जोडीतला दुसरा पुष्कळदा मागे फिरतो.