कोवळ्या गवतावर आडवी पडलेली तांबू

आम्ही मावळातले, पवनेच्या काठचे. जुलैत बांधावर लुसलुशीत गवत आलं की गुरं दिवसभर त्यावरच. कडबा महागला म्हणून मी तो बंदच केला होता, ही माझी चूक.

तांबू तिसऱ्या वेताची, व्यायला पाच आठवडे झालेले. एका सकाळी कान ताठ, पापण्या आणि खांद्याची कातडी सारखी थरथरतेय. बादली वाजली तशी बिथरली, झोकांड्या खात चार पावलं गेली आणि कोसळली. तोंडाला फेस, पाय झाडतेय. मला वाटलं पान लागलं, म्हणजे साप चावला.

डॉक्टर लगेच आले म्हणून वाचली. म्हणाले, हा रक्तात मॅग्नेशियम कमी पडल्याचा आजार, ग्रास टेटनी. शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलं, तेही अगदी सावकाश, छातीला स्टेथोस्कोप लावून. घाईने सोडलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून हे घरी करायचं काम नाही. नंतर कातडीखाली मॅग्नेशियम सल्फेट.

कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी, पोटॅशियम जास्त. पोटॅशियममुळे उरलेलंही पोटात नीट शोषलं जात नाही, आणि दुभत्या गाईचं दुधातून रोज जातंच. त्यात मी बांधावर युरिया फेकलेला, त्याने हे आणखी बिघडतं!

डॉक्टरांच्या सल्ल्याने आता पावसाळाभर प्रत्येक दुभत्या गाईला रोज 50 ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साईड देतो. नुसतं तोंड लावत नाहीत. पेंडीत गुळाचं पाणी घालून कालवलं की चाटूनपुसून खातात. शरीर साठा धरत नाही, त्यामुळे एकही दिवस चुकवत नाही. गव्हाणीत खडेमीठ असतं आणि सकाळी आधी कडबा, मगच दावं सोडतो.