नदी साफ करायला निघताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की पांझरा, गिरणा, बोरीच्या पात्रात जेसीबी उतरतात. लोकवर्गणी गोळा झालेली असते, हेतूही चांगला असतो. आणि दरवर्षी तीच चूक होते: काठची झुडपं उपटायची, खडक काढायचे, तळ अंगणासारखा सपाट करायचा आणि त्याला खोलीकरण म्हणायचं.

पुढे होतं ते असं. खडकांना आणि लव्हाळ्यांना अडखळत जाणारा पूर आता सुसाट सुटतो, उघडा पडलेला काठ तोडतो आणि ती माती खालच्या बंधाऱ्यात नेऊन टाकतो. दिवाळीनंतर धार आटते तेव्हा डोह उरलेले नसतात, उरतं गुडघाभर पाणी. खानदेशच्या उन्हात ते तापतं. 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 8 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, 35 अंशाला तो 7 च्या आत येतो. त्यात गावाचं सांडपाणी मिसळलं की रात्रीत प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून तग धरते, बाकीचे मरतात. शिवाय याच दिवसांत नदी सुरय आणि टिटवी पात्रातल्या उघड्या वाळू-गोट्यांवर अंडी घालतात. मशीनच्या चालकाला ती दिसणं शक्यच नाही.

यावर उत्तर म्हणून 'शिरपूर पॅटर्न'चं, म्हणजे शिरपूर तालुक्यात नाले खोल-रुंद करून पाणी जिरवण्याच्या कामाचं, नाव पुढे केलं जातं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांचं ते काम नाल्यांवरचं, भूस्तर पाहून केलेलं. तापीच्या गाळपट्ट्यात चिकणमातीचे थर पाणी मुरू देत नाहीत, ते भेदायचे होते. नदीचा वाळूचा तळ मुळातच पाणी मुरवतो. तिथे मशीन घालणं म्हणजे नक्कल आहे, अभ्यास नाही. मशीन बोलावण्याआधी जवळच्या दोन-तीन विहिरींचे थर बघा आणि काम वरच्या नाल्यापासून सुरू करा. नदीतून काही काढायचंच असेल तर फक्त बंधाऱ्यामागचा गाळ काढा. निघालेला माल ओला करून मुठीत दाबा: गोळा झाला तर गाळ, शेतात न्या. विस्कटला तर वाळू, तिला हात लावू नका.

वाळूबद्दल तर लोक ऐकूनच घेत नाहीत. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2,830 लिटर जागा. वाळूत सुमारे तिसरा हिस्सा पोकळी असते, म्हणजे भिजलेली एक ब्रास वाळू 900 लिटरच्या आसपास पाणी धरते, तेही उन्हापासून झाकून. रोज पन्नास ब्रास उचलली तर 45,000 लिटर पाण्याची टाकी रोज फोडल्यासारखं आहे. काठच्या विहिरी आटतात त्या यामुळे, आणि दोष मात्र पावसाला दिला जातो. 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत उपशाची मर्यादा तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांत जे कमी तेवढीच आहे. खड्ड्यात पाणी लागलं की उपसा थांबायलाच हवा. ग्रामसभेत हा मुद्दा लेखी मांडा.

जलपर्णी काढून काठावरच ढीग घालणं हा वाया गेलेला श्रमदानाचा दिवस आहे, पहिला पूर ती परत नेतो. फुलं येण्याआधी काढा, पूररेषेच्या वर नेऊन खत करा. तणनाशक मारू नका: सडणारी जलपर्णी प्राणवायू खाते. सांडपाणी येत राहिलं तर ती पुन्हा येणारच, म्हणून आधी नाला अडवा.

कपाशी-केळीवर फवारलेला पंप नदीत धुऊ नका. सायपरमेथ्रिन या कीटकनाशकाची अगदी थोडी मात्राही माशांना मारते. पंप शेतातच तीन वेळा खंगाळा आणि ते पाणी त्याच पिकावर फवारा.

काठावर सुबाभूळ, निलगिरी नको. पाण्यालगत वाळुंज आणि लव्हाळा, त्याच्या वर करंज, उंबर, जांभूळ. पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा.

थाई मांगूर हा मासा नदीत सोडू नका, त्यावर 2000 पासून बंदी आहे.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या पाट्या, म्हणजे पाणी अडवायला बसवलेल्या काढता येणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढल्या नाहीत तर गाळ आत साचतो आणि पूर बाजूने काठ फोडून निघतो. उलट पांझरेच्या फड पद्धतीतले (गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या पारंपरिक सिंचनातले) जुने बंधारे ठेंगणे आहेत, पूर त्यांच्या डोक्यावरून जातो. मेअखेरीला पाट्या मोजून एका खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली कोणाकडे आहे ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.