ठिबकच्या टोकाचा वाफा सुकत होता: क्षार काढण्याची रीत

नाशिकमधली ही सामायिक बाग अन्नछत्रासाठी भाजी पिकवते. पाणी बोअरचं, जड. लक्षण असं: मोटर नीट, दाब नीट, तरी नळीच्या टोकाकडची पालक-मेथी सुकते आणि ड्रिपरच्या (नळीतून पाणी थेंबथेंब सोडणारा भाग) तोंडावर पांढरा थर. फिल्टर रोज धुतला, मोटर जास्त वेळ चालवली, सुई घातली (भोकं मोठी होऊन ड्रिपर कायमचे गेले). अख्खा हंगाम डोकेफोड झाली. थरावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला, म्हणजे क्षारच, गाळ नव्हे.

हे क्षार आम्लाने काढायचे. वाफे रिकामे असताना करा. आधी टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या धुवा, मग बंद करा. हातमोजे, चष्मा घालून प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल. उलटं कधीच नाही. ब्लीचिंग पावडर जवळही नको, विषारी वायू होतो. हे मिश्रण व्हेंचुरीतून (बादलीतलं द्रावण ओढून ठिबकच्या पाण्यात मिसळणारा जोड) सोडत राहा, शेवटच्या ड्रिपरचं पाणी पीएच पट्टीवर (पाण्याची आम्लता दाखवणारी कागदी पट्टी) ४ दाखवेपर्यंत. आम्ल किती लागेल ते पाण्यावर ठरतं, म्हणून लिटरपेक्षा पट्टी पाहा. मोटर बंद, २४ तास तसंच. नंतर टोकं उघडून पट्टीवर नेहमीचा पीएच येईपर्यंत धुवा.

तपासणी सोपी: पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली सारखे डबे, अर्धा तास. दोन्ही जवळपास सारखे भरले पाहिजेत.