नसबंदीनंतरच्या या चुका टाळा

पुरुष नसबंदीची शस्त्रक्रिया साधारणपणे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. चीनमधील शल्यचिकित्सक ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये विकसित केलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तर कातडीला बारीकसे छिद्र पाडून काम भागते, बहुधा टाकाही घालावा लागत नाही आणि रुग्ण त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातो. शस्त्रक्रिया इतकी सुटसुटीत असल्यामुळेच तिच्यानंतरचे पथ्य कोणी मनावर घेत नाही. फेरतपासणीला येणाऱ्या रुग्णांशी बोलणे हे माझे रोजचे काम आहे, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहिल्यानंतर त्या एकदा सविस्तर लिहाव्यात असे वाटले.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शस्त्रक्रिया झाली की त्याच दिवसापासून गर्भधारणेची काळजी मिटली असे धरून चालणे. नसबंदीत वृषणाकडून येणारी शुक्रवाहिनी दोन्ही बाजूंना कापून बंद केली जाते. परंतु कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात आधीपासून असलेले शुक्राणू तिथेच राहतात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पाइपात उरलेले पाणी नळाला काही वेळ येतच राहते, तसाच हा प्रकार आहे. हे उरलेले शुक्राणू निघून जाण्यास साधारण तीन महिने लागतात, आणि तोपर्यंत कंडोम किंवा दुसरे एखादे गर्भनिरोधक साधन वापरावेच लागते.

एका जोडप्याची हकिकत मी प्रत्येक नव्या रुग्णाला सांगतो. पतीने दुसऱ्या आठवड्यातच कंडोम वापरणे थांबवले. पत्नीची पाळी चुकली आणि सातव्या आठवड्यात गर्भधारणा झाल्याचे निश्चित झाले. नसबंदी झालेली असताना हे कसे घडले, असा प्रश्न घरात उभा राहिला आणि संशयाचे बोट त्या बाईंकडे वळले. पतीनेही त्यांना असे काही विचारले की ज्याचा त्याला पुढे फार पश्चात्ताप झाला. ते दोघे फाइल घेऊन आले, तेव्हा वीर्यतपासणीची चिठ्ठी घडीही न मोडता त्या फाइलमध्ये तशीच होती. त्याच दिवशी पतीचा नमुना तपासला. त्यात हालचाल करणारे शुक्राणू स्पष्ट दिसले. अहवाल समोर ठेवल्यावर त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी एवढेच विचारले, “हे आमच्या घरच्यांनाही समजावून सांगाल का?” चौदाव्या आठवड्यातील नमुन्यात एकही शुक्राणू आढळला नाही, म्हणजे शस्त्रक्रिया व्यवस्थितच झाली होती. धीर तेवढा कमी पडला होता.

तेव्हापासून मी तपासणीची तारीख नुसती चिठ्ठीवर लिहून देत नाही, तर पती-पत्नी दोघांच्याही मोबाइलमध्ये माझ्यासमोर नोंदवायला लावतो. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही तपासणी ८ ते १६ आठवड्यांदरम्यान करावी. मी स्वतः १२ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय कोणाला पाठवत नाही. “वीस वेळा स्खलन झाले की झाले” हा हिशेब अनेकजण ऐकून येतात. त्यावर विसंबून तपासणी टाळणे मला अजिबात मान्य नाही, कारण हे प्रमाण प्रत्येक पुरुषात वेगळे असते. अहवालात एकही शुक्राणू नसेल, किंवा हालचाल न करणारे तुरळक शुक्राणू, म्हणजे दर मिलिलिटरला एक लाखापर्यंत, असतील तरच इतर साधने थांबवण्यास हरकत नसते. हालचाल करणारे शुक्राणू दिसत असतील तर थांबून पुन्हा तपासावे. सहा महिन्यांनंतरही ते दिसत राहिले तर शस्त्रक्रिया अयशस्वी झाली असे समजून ती पुन्हा करण्याचा विचार करावा लागतो. अहवाल एकदा निर्धोक आला की पुढे गर्भधारणा होण्याची शक्यता सुमारे दोन हजारांत एक इतकी कमी उरते. नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या डबीतच घ्यावा आणि दोन तासांच्या आत पोहोचवावा. नेहमीच्या कंडोममध्ये गोळा केलेला नमुना उपयोगाचा नसतो.

दुसरी चूक तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते. दुखणे ओसरलेले असते, जखम दिसतही नाही, आणि त्यामुळे आपण पूर्ण बरे झालो असे माणसाला वाटू लागते. असेच वाटलेल्या एका तरुणाने चौथ्या दिवशी घर बदलताना लोखंडी कपाट जिन्यावरून खाली उतरवले. रात्री त्याचा अंडकोश मुठीएवढा सुजला, आणि दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर आला तेव्हा कातडी जांघेपर्यंत काळीनिळी पडून इतकी ताणली होती की त्याला पाय जवळ घेऊन चालता येत नव्हते. आत रक्त साठले होते. ते जिरायला सहा आठवडे लागले, म्हणजे आठवडाभराची विश्रांती वाचवण्याच्या नादात त्याचा दीड महिना गेला.

असे होण्याचे कारण अंडकोशाच्या रचनेतच आहे. तिथली कातडी सैल असते, त्यामुळे आतली एखादी बारीक रक्तवाहिनी सुटली तर तिच्यावर आजूबाजूने दाब पडत नाही आणि रक्त साठत राहते. म्हणून बाहेरून दाब आणि आधार द्यावा लागतो. पहिले दोन दिवस शक्य तितके पडून राहावे, कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी वीस मिनिटे ठेवून मग काढावी, आणि किमान आठवडाभर घट्ट लंगोट किंवा सपोर्टर वापरावा. ओझे उचलणे, सायकल चालवणे, व्यायामशाळेत जाणे हे सगळे किमान एक आठवडा बंद ठेवावे. मी माझ्या रुग्णांना दोन आठवडे सांगतो, कारण दोन सांगितले की ते एक तरी पाळतात. “मी दुसऱ्याच दिवशी कामावर गेलो” असे सांगणारा मित्र प्रत्येकाला भेटतो. त्याचे नशीब चांगले होते, म्हणून तो सल्ला ठरत नाही.

बर्फ थेट कातडीवर ठेवू नये. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि हृदयविकारासाठी ती चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नये. जखमेवरची खपली ओढू नये.

शरीरसंबंधाला साधारण एका आठवड्यानंतर, दुखणे नसेल तर, सुरुवात करता येते. पहिल्या काही वेळा वीर्यात तांबूस किंवा तपकिरी छटा दिसू शकते. हे आधी कोणी सांगितलेले नसते, म्हणून पुरुष हादरतात आणि पुन्हा जवळ जाण्याचीच भीती घेतात. ती छटा बहुधा आपोआप नाहीशी होते.

या भीतीबद्दल थोडे अधिक लिहिणे मला गरजेचे वाटते. नसबंदीमुळे पुरुषत्व कमी होते ही समजूत शिकलेल्या माणसांच्याही मनात घट्ट बसलेली आहे. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक शुक्रवाहिनीतून जात नाही; ते वृषणातून थेट रक्तात मिसळते आणि नसबंदीनंतरही तसेच मिसळत राहते. वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, शुक्राणूंसह वृषणाकडून येणारा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के असतो, त्यामुळे वीर्याच्या प्रमाणातही फरक जाणवत नाही. तरीही ताठरतेची अडचण आली तर ती बहुधा धास्तीमुळे असते, आणि अशा वेळी जाहिरातीतली शक्तिवर्धक औषधे गुपचूप आणून घेणे ही सर्वांत वाईट वाट आहे. पत्नीशी मोकळेपणाने बोलावे. अडचण टिकून राहिली तर डॉक्टरांकडे जावे, कारण अनेकदा तपासणीत मधुमेह किंवा रक्तदाब सापडतो, आणि नसबंदीला दोष देत बसलेल्या माणसाचा खरा आजार मात्र बिनउपचारांचा राहून जातो.

नसबंदीने लैंगिक संसर्गापासून संरक्षण मिळत नाही. तो धोका असेल तिथे कंडोम कायमचा. तसेच ‘पुढे वाटले तर पुन्हा जोडून घेऊ’ अशा हिशेबाने कोणी नसबंदी करून घेऊ नये. जोडणीची शस्त्रक्रिया अवघड असते आणि वर्षे उलटतात तसे तिचे यश कमी होत जाते.

कापलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली तर ती दाबून पाहत बसू नये. गळालेल्या शुक्राणूंभोवती शरीराने केलेली ती प्रतिक्रिया असते आणि बहुतेकदा ती निरुपद्रवी असते, तरी एकदा दाखवून घ्यावी. शंभरात एक-दोन पुरुषांना मात्र तीन महिन्यांनंतरही दुखत राहते. त्यांनी लाजेपोटी गप्प राहू नये. त्यावर उपचार आहेत.

ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, सूज तासागणिक वाढत असली, पू किंवा न थांबणारे रक्त येऊ लागले किंवा लघवी अडली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. अशा वेळी मध्यरात्री केलेला फोन मला कधीच जड वाटलेला नाही.