चिठ्ठीवरचं 'रेकिपे' कसं वाचावं

अमळनेरला आमच्या मेडिकलवर डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) करून आलेली पोरं औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं हे सांगणाऱ्या बीडी, टीडीएस या खुणा धडाधड वाचतात. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या डोक्यावरच्या, शेपटीला रेघ मारलेल्या 'आर'चा अर्थ विचारला की गप्प. मला ते खटकतं, कारण ती खूण म्हणजे आपल्यालाच दिलेला हुकूम आहे.

ते लॅटिन 'रेकिपे'. म्हणजे 'घे'. स्वयंपाकाची 'रेसिपी' इथूनच निघाली. आधी चार रूपं पाठ करा: रेकिपिओ (मी घेतो), रेकिपेरे (घेणे), रेकेपी (मी घेतलं), रेकेप्तुम. 'रे' म्हणजे परत आणि 'कापेरे' म्हणजे धरणे, घेणे. त्यातून परत मिळवणे, स्वीकारणे, ठेवून घेणे, जबाबदारी अंगावर घेणे असे अर्थ फुटतात. जोडीला 'से', म्हणजे 'स्वतःला', आलं की अर्थ होतो माघार घेणे. सीझरच्या युद्धवर्णनांत हा प्रयोग जागोजागी आहे.

चिठ्ठीवर मात्र एकच रूप, आज्ञार्थी एकवचन. आणि ते कंपाउंडरला उद्देशून. अमुक इतकं घे, मग 'मिस्के' म्हणजे मिसळ, मग 'सिग्ना' म्हणजे लेबलावर लिही. औषध दुकानातच खलात घोटून तयार व्हायचं, तेव्हाची ही भाषा. पेशंटला 'रेकिपे' म्हटलेलं नसतं.

पेशंटसाठी क्रियापद वेगळं: सूमेरे. टीडीएस म्हणजे 'तेर दिए सूमेन्दुम', दिवसातून तीनदा घ्यायचं. हे रूप समजावायला मी अहिराणीच वापरतो. काउंटरवर आजी विचारते ना, "भाऊ, हाई गोयी कव्हय लेवानी?" म्हणजे ही गोळी कधी घ्यायची? त्यातलं 'ले' म्हणजे आज्ञा, आणि 'लेवानी' म्हणजे सूमेन्दा. लिंगही आपल्यासारखंच बदलतं. गोळी घ्यायची, तर 'पिलुला सूमेन्दा'. औषध घ्यायचं, तर 'मेदिकामेन्तुम सूमेन्दुम'. एवढं कळलं की टीडीएसमधला 'एस' कशाचा, हे परत पाठ करावं लागत नाही. बीडीत क्रियापद गाळलेलं असतं: 'बिस दिए', दिवसातून दोनदा. ते मनात जोडून घ्यायचं.

ओडीत मात्र लॅटिन क्रियापद शोधू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या चिठ्ठीवर तीच अक्षरं 'ओकुलुस देक्स्तेर', उजवा डोळा, यासाठीही येतात. थेंबांच्या औषधापुढे ओडी दिसलं आणि शंका आली, तर बाटली हातात देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.