जुन्या इंची लेथला मिमीचा मोठा डायल कसा बसवायचा

"भाऊ, बेअरिंग बसून नाही राह्यलं," म्हणत कोणी थ्रेशरचा शाफ्ट परत आणला, की चूक बहुतेक माझ्या हिशोबाचीच निघायची. 6205 बेअरिंगचं भोक 25 मिमी, आणि लेथच्या हँडलमागचा, टूल किती सरकलं ते दाखवणारा रेघांचा डायल इंचात. तोही जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा, रेघा एकमेकींना चिकटलेल्या. आर्वीकडच्या आमच्या गावात ऐन सोयाबीनच्या हंगामात कॅल्क्युलेटर घेऊन कोण बसतो?

आधी आपल्या मशीनचा स्क्रू मोजा. जुन्या छोट्या लेथच्या क्रॉस स्लाईडच्या (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) स्क्रूला बऱ्याचदा इंचाला 10 आटे असतात. मायफोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या 1946 च्या एमएल 7 लेथलाही तेवढेच. म्हणजे हँडलचा एक फेरा 2.54 मिमी. डायलवर 100 ऐवजी 127 रेघा पाडल्या की एक रेघ बरोबर 0.02 मिमीची होते. स्क्रू बदलायची गरजच नाही. इंची लेथवर मिमीचे अचूक आटे पाडायला 127 दातांचं गिअर लागतं. तेच इथे रेघा मोजायला वापरायचं.

मशीन मात्र आत्ताच उघडू नका. डायल ह्याच लेथवर करायचा आहे. पुठ्ठ्याची 50 मिमीची चकती हँडलमागे लावून ती कुठे अडत नाही ना, ते बघा. मग अॅल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये (लेथच्या फिरत्या जबड्यात) धरून 50 मिमीला टर्न करा, आतलं भोकही त्याच पकडीत करा. 50 मिमीच्या घेरावर दोन रेघांत सव्वा मिमी अंतर येतं, चष्म्याशिवाय दिसतं.

आता मेन स्विच बंद करा, पट्टा ढिला करा. 127 दातांचं गिअर स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मागच्या टोकाला पक्कं बसवा आणि स्प्रिंग पट्टीचं टोक त्याच्या दातांत अडकवा. टोकदार टूल आडवं धरून कंपाउंड स्लाईड (टूल धरणारी वरची छोटी स्लाईड) हाताने सरकवली की रेघ उमटते. साधी रेघ 3 मिमी, दर पाचवी 5 मिमी, दर पंचविसावी 7 मिमी लांब. एक दात पुढे, एक रेघ. वीज लागत नाही, त्यामुळे लाईट गेल्यावर करायचं हे काम आहे. माझ्याकडून पहिल्यांदा बोलता बोलता एक दात निसटला, 126 रेघा झाल्या आणि अख्खी रिंग भंगारात गेली. गिऱ्हाईकाला बाहेर बसवा, प्रत्येक पंचविसाव्या दाताला खडूची खूण करा.

शून्य हवं तिथे लावता यावं म्हणून बाजूने एम4 चा स्क्रू द्या, त्याच्याखाली पितळेचा तुकडा टाका म्हणजे दांड्याला ओरखडा पडणार नाही.

आता स्लाईड उघडा. डायल कितीही मोठा असो, हँडलजवळच्या ब्रॅकेटमध्ये स्क्रू मागे-पुढे हलत असेल तर तो खोटंच सांगणार. दांडा 10 मिमीचा असेल तर ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना 51100 थ्रस्ट बेअरिंग बसतं, जाडी 9 मिमी, तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. त्याच्या दोन वॉशरपैकी एकाचं भोक किंचित मोठं असतं. तो ब्रॅकेटला टेकवायचा, घट्ट भोकाचा दांड्याच्या बाजूला. उलटे घातले तर फिरताना घासतात. नट प्ले जाईपर्यंतच आवळा, मग दुसऱ्या नटाने लॉक करा. कपाशीचं तूस आणि काळ्या मातीची धूळ आत जाऊ नये म्हणून वरून पातळ पत्र्याची टोपी.

नटातला बॅकलॅश (दिशा बदलताना आट्यांत जाणवणारी ढील) यानं जात नाही, म्हणून कट नेहमी एकाच बाजूने घ्या. आणि एक फेरा पुरा झाला की 2.54 मनात धरायचे; ती कटकट राहतेच.

शेवटी एका जुन्या दांड्यावर हलका कट घेऊन मायक्रोमीटर लावा, डायल 10 रेघा पुढे न्या, पुन्हा तसाच कट घ्या. व्यास 0.40 मिमीने कमी व्हायला हवा.