ऑपरेशनची जखम चिघळली आणि ऑक्सिजन चेंबर सांगितलाय? आधी हे उरका

शुगर असलेल्या पेशंटचं पायाचं बोट काढलं, महिना होत आला तरी जखम भरत नाही, ड्रेसिंग सोडलं की पू, आणि एमआरआयमध्ये हाडापर्यंत इन्फेक्शन. अशा वेळी सर्जन हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेणं, सुचवतात. बायपासनंतर छातीच्या हाडात इन्फेक्शन शिरलं तरीही कधी कधी.

चेंबर हा जोडीदार आहे, मुख्य इलाज नव्हे. मेलेलं मांस आणि पू सर्जननेच काढायचा, अँटिबायोटिक कल्चरच्या (जखमेत कोणते जंतू आहेत ते पाहणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टप्रमाणे चालू हवं. पायाची जखम असेल तर आधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, करून घ्या. ऑक्सिजन रक्तातूनच पोचतो; मुख्य रक्तवाहिनीच तुंबलेली असेल तर आधी ती मोकळी करायला हवी, नाहीतर चाळीस सिटिंगचे पैसे पाण्यात. काही सेंटरमध्ये जखमेशेजारी सेन्सर चिकटवून त्वचेतला ऑक्सिजन मोजतात. चेंबरमध्ये तो आकडा 200 मिमीच्या (पाऱ्याच्या दाबाच्या) वर गेला तर आशा चांगली. 100 च्या आतच घुटमळला तर पुढे जाण्याआधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

साध्या हवेत 100 मिली रक्तात जेमतेम 0.3 मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. 3 एटीए दाबाखाली, म्हणजे वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली, शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो 6 मिलीपर्यंत जातो. पांढऱ्या पेशी जंतू मारताना ऑक्सिजनच वापरतात आणि सुजलेल्या जखमेत नेमका त्याचाच दुष्काळ असतो. नेहमीच्या जखमांना 2 ते 2.5 एटीए पुरतो: 90 मिनिटं ऑक्सिजन, मधे पाच-पाच मिनिटं साधी हवा, आठवड्यातून पाच दिवस, 20 ते 40 सिटिंग. हवेची ती पाच मिनिटं चुकवू नका, ऑक्सिजनच्या अतिरेकाने फिट येण्याचा धोका त्यानेच कमी होतो. गॅस गँगरिनमध्ये, म्हणजे स्नायू झपाट्याने सडवणाऱ्या इन्फेक्शनमध्ये, मात्र घाई असते: 3 एटीएला पहिल्या 24 तासांतच तीन सिटिंग, सोबत ऑपरेशन. फुगवायच्या 1.3 एटीएच्या मऊ पिशव्या 'हायपरबॅरिक' म्हणून खपवतात. त्या इन्फेक्शनवरचा उपचार नाहीत.

पहिल्या सिटिंगआधी छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी आणि औषधांची पूर्ण यादी. फुप्फुसाबाहेर हवा साठली असेल आणि ती काढलेली नसेल तर चेंबर बंद म्हणजे बंद. ब्लिओमायसिनसारखी केमो पूर्वी झाली असेल तर ती आवर्जून सांगा. पेसमेकर असेल तर तो दाबाला चालतो का, हे कंपनीकडून लेखी मागवा.

आता आग. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली की विझवायला वेळच मिळत नाही. म्हणून अंगावर सेंटरने दिलेले शंभर टक्के सुती कपडेच. नायलॉनची साडी, पॉलिस्टरचा परकर नको. डोक्याला खोबरेल नको, व्हॅसलीन, बाम, अत्तर, नेलपॉलिश नको. मोबाइल, घड्याळ, कानाचं मशीन, लायटर बाहेर. पेशंट आई असेल आणि केसांना तेल न लावता बाहेर पडायचं तिला पटत नसेल, तर आदल्या रात्रीच केस धुऊन ठेवा.

उपाशी जाऊ नका. चेंबरमध्ये शुगर उतरते, म्हणून दार लागायच्या आधी ग्लुकोमीटर लावायचाच. 100 च्या आसपास किंवा खाली असेल तर खाऊन, पुन्हा तपासून मगच आत. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दाब चढतानाची दहा-पंधरा मिनिटं कानांची. मालवणला स्कूबा करताना खाली जाताना होतं तेच: 2.4 एटीए म्हणजे समुद्राखाली साधारण 14 मीटर. दडा बसायच्या आधीच आवंढा गिळा, जबडा हलवा, नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. जोर लावायचा नाही. दुखलं की लगेच हात वर करा, ऑपरेटर दाब थांबवतो. सहन करत बसलात तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी आधी फोन करून विचारा. दाब उतरताना उलटं: श्वास अजिबात रोखायचा नाही, नेहमीसारखा घेत राहा.

विसेक सिटिंगनंतर लांबचं अंधुक दिसू लागलं तर सांगा, पण घाईने नवा चष्मा करू नका. सिटिंग संपल्यावर काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, नंबर बहुधा जागेवर येतो.